बागेत विमान उभे करण्याआधी : महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपरिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, आयुक्त, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि उद्यान अधीक्षक यांस,

स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हे लढाऊ विमान भारतीय हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाले. यातल्या बऱ्याच विमानांचे धड आणि पंख नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडले. हा कारखाना १९६४ साली मिगसाठीच उभा राहिला. त्यामुळे आपल्याही शहरातल्या जुन्या बागेत एक मिग असावे, मुलांनी ते जवळून पाहावे, असे कुणाला वाटले तर ते अगदी रास्त आहे. आम्हालाही ते हवे आहे. आम्ही विमानांच्या देखभालीत आणि संग्रहालयांतल्या वस्तूंच्या जतनात काम करणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे एकच : छप्पर, पाण्याचा निचरा आणि दरवर्षीच्या देखभालीचा पैसा या तिन्हींची तरतूद ज्या ठरावात नाही, त्या ठरावाने विमान मागू नका. पूर्ण विमान झेपणार नसेल तर त्याचा एखादा भाग मागा. त्यानेही चांगले संग्रहालय उभे राहते.

असे प्रस्ताव मांडताना परदेशातल्या बागांचे फोटो दाखवले जातात. त्यात सॅन दिएगोच्या बाल्बोआ पार्कचा फोटो दाखवण्याजोगा खराच आहे, म्हणून आधी त्याचीच गोष्ट नीट सांगतो. कॅलिफोर्नियातल्या या शहराने १८६८ साली सार्वजनिक बागेसाठी जमीन राखून ठेवली. आज ती सुमारे बाराशे एकर आहे. १९१५ आणि १९३५ अशी दोन मोठी प्रदर्शने तिथे भरली आणि त्यांसाठी बांधलेल्या इमारतींत पुढे संग्रहालये आली. हवाई आणि अंतराळ संग्रहालय १९६३ साली याच बागेत लोकांसाठी खुले झाले आणि दोन वर्षांनी तिथल्याच इलेक्ट्रिक बिल्डिंगमध्ये गेले. ही इमारत १९१५च्या प्रदर्शनाची. प्रदर्शनापुरती टिकावी अशा बेताने लाकूड आणि प्लास्टरमध्ये उभारलेली. २२ फेब्रुवारी १९७८च्या रात्री कुणीतरी तिला आग लावली. विमाने गेलीच, पण पुन्हा मिळणार नाहीत असे कागद आणि वस्तूही गेल्या. चार्ल्स लिंडबर्ग या अमेरिकी वैमानिकाने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला ते ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ १९२७ साली याच शहरात बांधले गेले होते. संग्रहालयातली त्याची प्रतिकृती जळाली. ‘वी बी’ हे माणसाला घेऊन उडणारे अतिशय छोटे विमानही जळाले. प्रतिकृती पुन्हा बांधता आली. ‘वी बी’ मात्र अस्सल होते.

१९८० साली संग्रहालय फोर्ड बिल्डिंगमध्ये पुन्हा उघडले. १९३५च्या प्रदर्शनात फोर्ड कंपनीसाठी वॉल्टर डॉर्विन टीग यांनी रचलेली ही गोल इमारत. तिच्या आतल्या भिंतीवर वाहतुकीच्या इतिहासाचे लांबच लांब चित्र आहे. मूळचा उघडा गोल चौक नंतर छताखाली आला आणि कॅटलिना, फोर्ड ट्रायमोटर अशी मोठी विमाने तिथे विसावली. अपोलो-९ या अमेरिकी अंतराळ मोहिमेची ‘गमड्रॉप’ ही कुपी, जिच्यातून मार्च १९६९ मध्ये तीन अंतराळवीर पृथ्वीवर परतले, तीही आत आहे. बाहेर, उघड्यावर, खांबांवर दोनच मोठी विमाने आहेत : लॉकहीडचे ए-१२ हे टेहळणी विमान आणि कॉन्व्हेरचे सी डार्ट हे पाण्यावरून उडणारे विमान.

आपल्या प्रस्तावांत नेमका या बाहेरच्या दोन विमानांचाच फोटो येतो. म्हणून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, ए-१२चा सांगाडा आणि पत्रा मुख्यतः टायटॅनियमचा आहे. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडताना पत्रा तापतो, म्हणून तो धातू वापरला. पावसाने आणि खाऱ्या हवेने त्याला फारसे काही होत नाही. मिग-२१ ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे, त्यात पोलादाचे बोल्ट आणि काही ठिकाणी मॅग्नेशियमचे ओतीव भाग. दुसरी गोष्ट पावसाची. सॅन दिएगोत वर्षाला सरासरी अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, रत्नागिरीत त्याहून जास्त. पुण्यात कमी, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्र्यांच्या सांध्यांतली ओल तिथेही वाळत नाही. तिकडे उघड्यावर टिकले म्हणून इकडे टिकेल, हा हिशेब चुकीचा आहे.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, म्हणून ते सडत असल्याचे लवकर कळत नाही. विमानाचा पत्रा एकावर एक चढवून रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेला असतो. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरले की तिथे पांढरी भुकटी तयार होते. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा घेते, त्यामुळे पत्रा दोन रिव्हेटांच्या मधे फुगतो. उन्हे कलल्यावर पत्र्याला डोळा समांतर धरून पाहिले तर हे फुगवटे ओळीने दिसतात. पुढे रिव्हेटची डोकी उडतात. रिव्हेटभोवती काळसर ओघळ दिसला तर तो रिव्हेट सैल झाला आहे असे समजावे. रंगावर फोड दिसला तर नखाने दाबून पाहावा. खाली भुसभुशीत लागले तर गंज पत्र्याच्या आतपर्यंत गेला आहे. मिगमध्ये सगळ्यात आधी बिघडतात त्या जागा म्हणजे चाकांच्या खोबणींची मागची भिंत, पोटाखालचा पत्रा, शेपटीकडचा सगळ्यात खालचा भाग, आणि जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला थेट टेकतो ती प्रत्येक जागा. दोन वेगळे धातू ओल्या अवस्थेत एकमेकांना लागले की त्यातला दुबळा धातू झिजतो, आणि इथे दुबळे ॲल्युमिनियमच.

पाणी बाहेर जावे म्हणून विमानाच्या पोटात निचऱ्याची लहान भोके असतात. ती विमान तीन चाकांवर उभे असताना सगळ्यात खाली येतील अशी ठेवलेली असतात. हेच विमान खांबावर नाक वर करून चढवले की सगळ्यात खालची जागा बदलते. पाणी मागे वाहते, शेपटीत साचते, आणि तिथे भोकच नसते. चढवण्याआधी नव्या कलाप्रमाणे प्रत्येक कप्प्याची सगळ्यात खालची जागा शोधून तिथे सहा ते आठ मिलिमीटरचे भोक पाडावे, कडा घासून प्रायमर (रंगाआधीचा थर) लावावा, आणि बादलीभर पाणी ओतून ते सगळे बाहेर येते का ते पाहावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते झाले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात शेपूट पाण्याने भरते आणि वजनाचा तोलही बिघडतो.

खांबाबद्दल आणखी बोलावे लागेल, कारण खांबावरचे विमान ही सगळ्यांची आवडती मांडणी आहे. मिग-२१च्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस मीटर. मुंबईसाठी भारतीय मानकाने धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, पुण्या-नाशिकसाठी ३९. ४४च्या वेगाला दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो दाब येतो. वाऱ्याच्या दाबाचा गुणांक एक धरला तर नुसत्या पंखांवर सुमारे पावणेतीन टन जोर. इंजिन काढलेल्या मिगचे वजन चार-साडेचार टन. म्हणजे वादळात वारा विमानाच्या निम्म्याहून जास्त वजनाइतक्या जोराने त्याला उचलू आणि पिळू पाहतो, आणि हा जोर सारखा कमीजास्त होतो. त्यामुळे खांब, पाया आणि जोडणी यांचा आराखडा संरचना अभियंत्याने आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या, वाऱ्याच्या भाराबद्दलच्या भागाप्रमाणे काढलेला असावा आणि दुसऱ्या अभियंत्याने तपासलेला असावा. पुतळ्याचा चौथरा बांधणाऱ्याच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

जोडणी धडाच्या पत्र्यावर करायची नाही. जमिनीवर उभे असताना विमानाचे वजन ज्या जागी येते, म्हणजे चाकांचे पाय जिथे पंखाला जोडले आहेत तिथे आणि जॅक लावायच्या जागांवर, पोलादी बैठक बसवायची. ॲल्युमिनियमवर वेल्डिंग करून कंस चिकटवला की भोवतालच्या पत्र्याची ताकद उष्णतेने निघून जाते. अशी जोडणी दिसायला भक्कम आणि मुळात कच्ची असते. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये निओप्रीन या रबराचा तीन मिलिमीटरचा पत्रा आणि बोल्टभोवती नायलॉनची नळी घालावी. सुकाणूचा पडदा, पंखांचे मागचे हलते भाग, शेपटीचे आडवे पंख हे सगळे बोल्टने जागच्या जागी धरून ठेवावेत, नाहीतर वाऱ्याने ते आपटत राहतात आणि बिजागऱ्या तुटतात. विजेसाठी धडापासून जमिनीपर्यंत तांब्याची जाड पट्टी न्यावी, पट्टी ॲल्युमिनियमला जिथे मिळते तिथे कलई केलेला सांधा द्यावा आणि भूयोजनाचा (अर्थिंगचा) रोध दहा ओहमच्या आत आहे ना हे दर मे महिन्यात मोजावे.

तोलाचेही पाहावे लागते. मिगचे इंजिन मागे असते. ते सुमारे बाराशे किलोचे इंजिन काढले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. उलट नाकातले रडार आणि साहित्य काढलेले असेल तर मागे सरकतो. काय काय काढले आहे याची यादी घेऊन नवा गुरुत्वमध्य काढल्याशिवाय क्रेनचे पट्टे बांधू नयेत. तोल साधण्यासाठी धडात काँक्रीट ओतण्याचा उपाय कुणी सुचवला तर साफ नकार द्यावा. ओले काँक्रीट अल्कधर्मी असते, ते ॲल्युमिनियमला खाते, आणि नंतर फोडून काढताना उरलासुरला पत्राही जातो. वजन घालायचेच तर रंगवलेल्या पोलादी पट्ट्या, खाली रबर घालून, बोल्टने बसवाव्यात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी लोकार्पणाच्या घाईत राहू शकते. लढाऊ विमानात दारूगोळ्याची काडतुसे असतात, बॉम्ब नसले तरी. वैमानिकाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट, कॅनॉपी म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण उडवणारी यंत्रणा, इंधनाच्या बाहेरच्या टाक्या सोडणारे हुक, आग विझवणाऱ्या बाटल्या, या सगळ्यांत स्फोटक असू शकते. शिवाय हवा आणि प्राणवायूच्या दाबाच्या बाटल्या असतात. जुन्या तबकड्यांच्या काट्यांवर चमकणारा किरणोत्सारी रंग असू शकतो; काच फुटली तर त्याची धूळ श्वासात जाते. विमान ताब्यात घेताना यांतला प्रत्येक भाग काढला आहे किंवा निकामी केला आहे, असे भागनिहाय लेखी प्रमाणपत्र देणाऱ्याकडून घ्यावे, आणि त्याची एक प्रत उद्यान कार्यालयात आणि एक अग्निशमन दलाकडे ठेवावी. ‘विमान सुरक्षित आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे नाही. टाक्यांत आणि नळ्यांत उरलेले इंधन आणि हायड्रॉलिकचे तेल काढून घ्यावे. ते वर्षानुवर्षे ठिबकत राहते आणि खालची माती खराब करते.

वाहतुकीत विमानाचे बरेच नुकसान होऊ शकते. मिगचा पंखविस्तार सुमारे ७.१५ मीटर आणि लांबी पंधरा मीटरच्या आसपास आहे. पंख लावलेल्या स्थितीत ते शहराच्या रस्त्यांवरून जाणार नाही, आणि जुन्या बागेच्या कमानीतून तर नाहीच. पंख मुळाशी बोल्टने जोडलेले असतात, ते काढता येतात. इंजिन बदलण्यासाठी धडाचा मागचा भागही मूळ रचनेतच वेगळा होतो. हे काम ओझरला किंवा हवाई दलात ज्यांनी केले आहे अशा तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली व्हावे. बोल्ट निघत नाही म्हणून गॅसकटर किंवा ग्राइंडर लावला की पंखाचा मुख्य वासा कापला जातो. मग तो पुन्हा कधीच नीट बसत नाही. अडकलेल्या बोल्टवर भेदक तेल टाकून दोन दिवस थांबावे. काढलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर जागेचा क्रमांक, आणि काढण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो. निविदेत ‘विमान सुटे करणे व पुन्हा जोडणे’ या कामासाठी स्वतंत्र ओळ असू द्या. ते वाहतुकीत धरले की ट्रकवाला ते आपल्या पद्धतीने करतो.

जुन्या बागेत जागा निवडताना झाडांचा विचार आधी. वड, पिंपळ, चिंच, पर्जन्यवृक्ष यांच्या फांद्या जिथवर पसरल्या आहेत तिथवर खाली मुळे आहेत असे धरावे आणि तेवढ्या घेरात पायाही खणू नये आणि क्रेनही उभी करू नये. मुळांवरची माती दाबली गेली की झाड तीन-चार वर्षांनी वाळू लागते आणि तोवर कुणाला कारण आठवत नाही. झाड तोडावे लागणार असेल तर जागाच बदला. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मिळाली तरीही बदला. झाडाखालचे विमान विमानालाही वाईट. पाने भोके बुजवतात, चीक रंगावर बसतो, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतले आम्ल रंग आणि पत्रा दोन्ही खाते. घरट्याचे गवत वर्षभर ओल धरून ठेवते. म्हणून हवेचे तोंड, मागचा नळकांडा, चाकांच्या खोबणी यांना बारीक जाळी लावावी, स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनची, आतून. प्लायवुडने ही तोंडे बंद करू नयेत. हवा खेळली नाही तर आत घाम धरतो.

हिरवळीवर विमान उभे केलेले सुंदर दिसते, पण ते टाळा. हिरवळीला पाणी लागते. बागेत फवाऱ्याने बोअरचे किंवा सांडपाणी प्रकल्पातले शुद्ध केलेले पाणी देतात, त्यात क्षार आणि क्लोराइड असतात. रोज सकाळी त्याचे तुषार पोटाखालच्या पत्र्यावर उडतात, पाणी वाळते, क्षार राहतात. समुद्रापासून लांब असलेल्या शहरातही अशाने खाऱ्या हवेचा परिणाम होतो. विमानाभोवती चारी बाजूंना किमान तीन मीटर काँक्रीटची फरशी, बाहेरच्या बाजूला शंभराला एक असा उतार, आणि जवळचे फवारे बंद. खत टाकणाऱ्यांनाही ही हद्द सांगून ठेवा.

विमान चाकांवर उभे राहणार असेल तर टायरवर वजन ठेवू नका. सहा महिन्यांत टायर बसतो, मग रिम फरशीला टेकते. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची रिम ओल्या काँक्रीटवर टेकली की झपाट्याने झडते. जॅकच्या जागांखाली पोलादी घोडे लावून विमान इतके उचलावे की टायर जमिनीला नुसता लागेल. पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

छपराचा आग्रह आम्ही का धरतो, हे एव्हाना लक्षात आले असेल. मिगसाठी अठरा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि साडेसहा मीटर उंच, तिन्ही बाजूंनी उघडी शेड पुरते. छप्पर चारी बाजूंना दीड मीटर पुढे आलेले असावे, माथ्यावर गरम हवा जायला फट असावी, आणि कोकणात नैर्ऋत्येच्या बाजूने झडपांची भिंत हवी, कारण पावसाची झड तिकडून येते. शेड असली की रंग जास्त वर्षे टिकतो, कॅनॉपी तडकत नाही, आत पाणी जात नाही आणि मुलांना उन्हात उभे राहावे लागत नाही. खांबावरचे विमान लांबून दिसते, शेडमधले जवळून पाहता येते. बागेतल्या संग्रहालयाला दुसरे जास्त उपयोगी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेडला आग न धरणारे साहित्य, दोन बाजूंना अग्निशामक, रात्रीचा दिवा आणि पहारेकरी हवा. बाल्बोआ पार्कमधले संग्रहालय कुणीतरी लावलेल्या आगीत गेले, हे विसरू नये. विमानाचे कागद, लॉगबुकाच्या प्रती, फोटो हे त्या बागेत ठेवूच नका. महापालिकेच्या अभिलेख कक्षात ठेवा आणि त्यांचे स्कॅनिंग करून घ्या.

रंगाबद्दल थोडे. घराला लावतात तो ऑइल पेंट विमानाला लावू नये. दोन उन्हाळ्यांत त्याची पूड होते आणि खाली ओल धरते. आधी साध्या साबणाने धुणे, नायलॉनच्या घासणीने सैल रंग काढणे, उघड्या पत्र्यावर गंजरोधक रासायनिक प्रक्रिया, त्यावर इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेनचे दोन हात. तारेचा ब्रश आणि स्टीलवूल बंद. त्यांचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा गंज सुरू होतो. जुना पिवळट-हिरवा प्रायमर दिसला तर त्यात क्रोमेट हे विषारी रसायन असते; तो कोरडा घासू नये, पाणी मारून ओला घासावा, मुखपट्टी आणि हातमोजे घालून, आणि ते पाणी गटारात सोडू नये. रंगवण्याआधी विमानावरची प्रत्येक बारीक सूचना, क्रमांक आणि खूण ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यावी. ‘इथे पाय ठेवू नका’, ‘इथे इतका दाब’ अशा या ओळींतून विमान कसे चालत होते ते कळते, आणि त्याच पहिल्या हातात पुसल्या जातात. विमानाचा मूळ क्रमांक बदलून एखाद्या प्रसिद्ध विमानाचा क्रमांक टाकू नये. मुले ते खरे मानतात.

कॅनॉपी काच नसून ॲक्रिलिक आहे. थिनर, पेट्रोल, अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव यांतले काहीही लागले की तिच्यावर बारीक भेगांचे जाळे पडते, ते जात नाही. पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड, एवढेच. एप्रिल-मे मध्ये कॅनॉपीवर पांढरे, आतून मऊ अस्तराचे झाकण घालावे आणि कॉकपिटला खालून हवा मिळू द्यावी, नाहीतर आतले रबर, चामडे आणि वायरींचे आवरण भाजून चुरगळते.

देखभालीचे वेळापत्रक अवघड नाही. मे महिन्यात निचऱ्याची भोके तारेने मोकळी करायची, जाळ्या तपासायच्या, पत्रा नाण्याने ठोकून पाहायचा. आवाज जिथे बद्द येतो तिथे खडूने खूण. ऑक्टोबरमध्ये धुणे, दोन दिवस वाळू देणे, मग सगळे सांधे पाहणे. दर महिन्याला दोन माणसांचे दोन तास. प्रत्येक वेळी ठरलेल्या जागांवरून तेच ते फोटो, म्हणजे मागच्या वर्षीशी ताडता येतात. अमेरिकेच्या हवाई दलाचे संग्रहालय आपली विमाने गावोगावी उसनी देते, पण ती सरकारच्याच मालकीची राहतात आणि ठेवणाऱ्याला दरवर्षी फोटोंसह हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडेही देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने करारात असे कलम घालावे, विमान परत घेण्याच्या अटीसकट.

हे काम कुणी करायचे, हाच खरा प्रश्न आहे. उद्यान विभागाच्या माळ्यावर ते टाकणे अन्याय आहे. बाल्बोआ पार्कमध्ये जमीन आणि इमारत शहराची, संग्रहालय चालवते स्वतंत्र ना-नफा संस्था, आणि शहराबाहेरच्या गिलेस्पी फील्ड या विमानतळावर तिची दुरुस्तीची जागा आहे. आपल्याकडे नाशिक, पुणे, नागपूर या शहरांत हवाई दलातून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेले कसबी तंत्रज्ञ राहतात. विमान देखभालीचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, आयटीआय आहेत. यांचे एक मंडळ नेमा, त्याला लेखी जबाबदारी आणि मानधन द्या, हत्यारांसाठी कुलपाची खोली द्या, आणि अंदाजपत्रकात ‘विमान देखभाल’ असे स्वतंत्र शीर्ष उघडा. उद्यानाच्या सर्वसाधारण खर्चात धरलेली रक्कम पहिल्या टंचाईत कापली जाते. जुनी विक्रांत ही युद्धनौका १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी ती पाहिली, २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने ती लोकांना बंद झाली आणि २०१४ साली भंगारात विकली गेली. तिच्यापुढे मिग लहान आहे, पण देखभालीचा पैसा थांबला की क्रम तोच.

अंतराळाबद्दल थोडेसे. बागेत ठेवायच्या रॉकेटच्या प्रतिकृती बऱ्याचदा फायबरग्लासच्या असतात, त्यांचा वरचा थर उन्हाने पांढरा पडून तंतू उघडे पडतात आणि ते मुलांच्या हातांना टोचतात, म्हणून त्यांना दर तीन-चार वर्षांनी अतिनील किरण रोखणारा थर द्यावा. आणि खरी, अवकाशात जाऊन आलेली वस्तू कधी मिळाली तर ती बंद खोलीतच ठेवावी. बाल्बोआ पार्कमध्येही गमड्रॉप आत आहे.

ज्या नगरपरिषदांना यातले काहीच परवडणार नाही, त्यांनी मनातून हा विषय काढून टाकावा असे आम्ही म्हणत नाही. एक मिगचे इंजिन मागा. पंधरा फूट रुंद, वीस फूट लांब खोलीत ते मावते. त्याचे आवरण एका बाजूने कापून आतली पाती, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन उघडे करा. हे काम तंत्रशाळेतली मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतात. शेजारी निकामी केलेली इजेक्शन सीट, किरणोत्सारी रंग नसलेली एक कॉकपिटची तबकडी, एक चाक. खोलीला पंखा, खिडकीला पडदा, आर्द्रता मोजायचे एक साधे यंत्र. विमान कसे उडते हे मुलाला खांबावरच्या मिगपेक्षा इथे जास्त कळेल, आणि ही खोली जपायला आठवड्याला एक तास पुरतो.

आपल्या सभागृहापुढे असा विषय येईल तेव्हा ठरावाच्या मसुद्यात पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, एवढी विनंती आहे : स्फोटके निकामी केल्याचे भागनिहाय प्रमाणपत्र, शेडचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा मंजूर नकाशा, संरचना अभियंत्याची सही, देखभाल मंडळातली नावे, आणि पुढच्या दहा वर्षांची रक्कम. यांतली एक जरी नसली तर विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा. विमान ज्या हवाई तळावर उभे आहे तिथे ते आणखी एक वर्ष थांबू शकते.

कळावे,
आपले,
विमान देखभाल आणि संग्रहालय जतनाच्या कामातील काही जण